काउंटी कॉलेजातून युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर: पुढच्या दोन वर्षांचे पैसे कसे उभे करावेत

न्यू जर्सीतल्या एडिसन-पिस्कॅटवेच्या मराठी घरांत मुलांचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष आलं की रटगर्स या सरकारी युनिव्हर्सिटीच्या चार वर्षांच्या खर्चाचा हिशेब सुरू होतो. त्यात कोणी काउंटी कॉलेजचं (काउंटीच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचं) नाव काढलं की आई-वडील जरा अवघडतात. खरं तर पहिली दोन वर्षं मिडलसेक्ससारख्या काउंटी कॉलेजात करून पुढे ट्रान्सफर घेतली, तरी पदवीच्या कागदावर नाव युनिव्हर्सिटीचंच येतं. लोक काय म्हणतील याची काळजी सोडा, काळजी करायची ती तिसऱ्या वर्षाच्या बिलाची. ते आधीच्या बिलापेक्षा कितीतरी मोठं असतं आणि त्याची तयारी काउंटी कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरपासूनच करावी लागते. खालचे राज्याचे नियम न्यू जर्सीचे आहेत. फेडरल मदतीचे आणि कराचे नियम कुठल्याही राज्यात तेच.

१. आधी क्रेडिट्स सांभाळा

अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची अंदाजे ४३ टक्के क्रेडिट्स (पास झालेल्या विषयांची खात्यावर जमा होणारी एककं) वाया गेली होती, असं त्यात म्हटलं होतं. हा आकडा सगळ्या प्रकारच्या ट्रान्सफरचा आहे, सरकारी कॉलेजातून सरकारी युनिव्हर्सिटीत जाताना नुकसान कमी होतं. तरीही चार विषय बाद झाले की जवळजवळ एक सेमिस्टर वाढते, आणि ती युनिव्हर्सिटीच्या महाग दराने भरावी लागते. एवढी रक्कम भरून काढणारी शिष्यवृत्ती सहसा मिळत नाही.

न्यू जर्सीत काउंटी कॉलेजं आणि सरकारी युनिव्हर्सिटी यांच्यात राज्यव्यापी ट्रान्सफर करार आहे. ए.ए. (कला) किंवा ए.एस. (विज्ञान) ही दोन वर्षांची पदवी पूर्ण करून गेलात, तर ती क्रेडिट्स पुढच्या पदवीचा पहिला अर्धा भाग म्हणून धरली जातात. ए.ए.एस. (उपयोजित विज्ञान) पदवी या करारात बसत नाही. नावात एकाच अक्षराचा फरक असल्यामुळे अनेकांच्या हे लक्षात येत नाही, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच पदवीचा प्रकार विचारून घ्या. आणखी एक गोष्ट: करार क्रेडिट्सची हमी देतो, हव्या त्या विभागात प्रवेशाची देत नाही. इंजिनिअरिंग किंवा बिझनेसला जायचं असेल तर त्या विभागाला कुठलं गणित, कुठलं फिजिक्स चालतं ते ‘एनजे ट्रान्सफर’ या संकेतस्थळावर पाहून मगच दर सेमिस्टरचे विषय निवडा. मित्राने घेतला म्हणून विषय घेऊ नका.

काही ठिकाणी तीन वर्षं काउंटी कॉलेजात आणि शेवटचं एकच वर्ष युनिव्हर्सिटीत अशी सोयही आहे. रोवन युनिव्हर्सिटीची बर्लिंग्टन काउंटीतली योजना अशीच. विषय जुळत असेल तर यापेक्षा स्वस्त वाट शोधून सापडणार नाही.

२. फॅफ्सा नव्याने भरा

काउंटी कॉलेजला असताना भरलेला फॅफ्सा (फेडरल मदतीचा अर्ज) आपोआप नव्या युनिव्हर्सिटीकडे जात नाही. अर्ज केलेल्या प्रत्येक युनिव्हर्सिटीचा कोड त्यात घाला. फॉर्म साधारणपणे १ ऑक्टोबरला उघडतो. प्रवेशाचं पत्र येईपर्यंत थांबू नका. जानेवारीत मधूनच ट्रान्सफर घेत असाल, तर जुन्या कॉलेजला सांगून तिथली पुढच्या सेमिस्टरची मदत रद्द करा. पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांसाठीची फेडरल मदत) एका वेळी दोन ठिकाणांहून घेता येत नाही.

पेल ग्रँट परत करावी लागत नाही. २०२५-२६ साठी तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आहे आणि आयुष्यभरात ती पूर्णवेळ १२ सेमिस्टरपुरतीच मिळते. काउंटी कॉलेजात तीन-चार वर्षं रेंगाळलात तर त्यातल्या बऱ्याचशा तिथेच संपतात.

आपल्या लोकांचा एक गैरसमज इथेच दूर करू. मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर ते नागरिक आहे. आई-वडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असले तरी ते फॅफ्सा भरू शकतं. पालकांचा व्हिसा त्याच्या आड येत नाही.

३. राज्याचे पैसे मागा

ट्रान्सफर घेणाऱ्यांसाठी ‘गार्डन स्टेट गॅरंटी’ फार कामाची आहे, कारण ती मुळात तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठीच आहे. कुटुंबाचं समायोजित उत्पन्न (कर विवरणपत्रातलं एजीआय) ६५,००० डॉलरपर्यंत असेल तर सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन आणि फी भरावी लागत नाही. १,००,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असेल तर काही सवलत मिळते. त्यासाठी खात्यावर किमान ६० क्रेडिट्स जमा हवीत. म्हणजे पहिली पायरी चुकली तर ही मदतही लांबते. जेवण, राहणं, पुस्तकं यात धरलेली नाहीत.

हायस्कूलच्या वर्गात पहिल्या १५ टक्क्यांत असलेल्यांसाठी ‘एनजे स्टार्स’ ही राज्याची शिष्यवृत्ती आहे. काउंटी कॉलेजात ३.२५ जीपीए (सरासरी गुणांक) राखून पदवी घेतली की त्याचा पुढचा टप्पा वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत देतो, आणि त्याची उत्पन्नमर्यादा २,५०,००० डॉलर आहे. म्हणजे दोघंही नोकरी करणाऱ्या घरांनाही तो मिळू शकतो. अशा घरांत ‘आपल्याला काही मिळणार नाही’ म्हणून फॉर्मच भरला जात नाही, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

४. ट्रान्सफरची शिष्यवृत्ती वेगळी शोधा

नव्या विद्यार्थ्यांसाठीच्या मोठ्या शिष्यवृत्त्या बहुतेक वेळा ट्रान्सफरवाल्यांना बंद असतात. पण त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्याही असतात. फाय थीटा कॅपा ही दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या हुशार विद्यार्थ्यांची संस्था. तिच्या सभासदांना अनेक युनिव्हर्सिटी ट्यूशनमध्ये सूट देतात. सभासदत्वाचं आमंत्रण आलं तर ती जाहिरात समजून टाकून देऊ नका. जॅक केंट कुक फाउंडेशनची ट्रान्सफर शिष्यवृत्ती वर्षाला ५५,००० डॉलरपर्यंत जाते, पण स्पर्धा भयंकर असते. बऱ्याच ठिकाणी अशा शिष्यवृत्त्या फॉलमध्ये येणाऱ्यांनाच असतात, त्यामुळे स्प्रिंगमध्ये जाण्याची घाई करण्याआधी तेवढं विचारा.

५. कर्ज सर्वांत शेवटी

आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षापासून वर्षाला ७,५०० डॉलरपर्यंत फेडरल कर्ज मिळतं. त्यातल्या जास्तीत जास्त ५,५०० डॉलरवर शिकत असताना व्याज चढत नाही. पदवी मिळेपर्यंतची एकूण मर्यादा ३१,००० डॉलर. नव्या युनिव्हर्सिटीने तुम्हाला तिसऱ्या वर्षाचा मानलं तरच हा आकडा लागू होतो, नाहीतर दुसऱ्या वर्षाचे ६,५०० डॉलर. पालकांनी मुलासाठी घ्यायच्या फेडरल ‘प्लस’ कर्जावर १ जुलै २०२६ पासून प्रत्येक मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा येते.

ट्रान्सफरच्या मध्ये वर्षभर थांबायचा बेत असेल तर जपून. सहा महिन्यांची सवलत संपली की आधीच्या कर्जाचे हप्ते सुरू होतात.

६. करातून परत मिळवा

अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिट ही करसवलत वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत कर वाचवते, पण फक्त चार करवर्षं. पूर्ण फायद्यासाठी त्या वर्षी ४,००० डॉलरचा खर्च लागतो, आणि ती रक्कम ५२९ खात्यातून (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून) न देता साध्या बँक खात्यातून द्यावी. एकाच खर्चावर दोन्ही सवलती मिळत नाहीत. पती-पत्नी एकत्र विवरणपत्र भरत असतील तर १,६०,००० डॉलर उत्पन्नाच्या वर हा फायदा कमी होत जातो आणि १,८०,००० ला संपतो.

७. व्हिसावर असाल तर

एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) आणि एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाल्यांना फेडरल ग्रँट किंवा कर्ज मिळत नाही. एच-४ च्या मुलांना काही राज्यांत तिथल्या रहिवाशांच्या स्वस्त दराने फी लागते, कॅलिफोर्निया त्यातलंच. पण २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो आणि बरेच जण एफ-१ वर जातात. तेव्हा तो दर टिकेल का, हे युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी कार्यालयाकडून आधीच लेखी घ्या.

८. पत्र आलं की

मदतीच्या पत्रात ग्रँट, कर्ज आणि कॅम्पसवरचं काम एकाच यादीत छापतात. त्यातली ग्रँट तेवढी वेगळी काढा आणि दोन युनिव्हर्सिटींची तुलना तिच्यावरच करा. वसतिगृहाची हमी ट्रान्सफरवाल्यांना बऱ्याचदा नसते, म्हणून न्यूअर्कला रोज ट्रेनने जायचं तर महिन्याचा पासही खर्चात धरा. फॅफ्सा दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न पाहतो. मधल्या काळात घरातली नोकरी गेली असेल तर फायनान्शिअल एड ऑफिसला कागदपत्रांसह फेरविचाराचा अर्ज करा. आकडा बदलण्याचा अधिकार त्यांना असतो, आणि हा अर्ज बिलाची तारीख यायच्या आधी पोचायला हवा.