आलेखावरून रेषेचं समीकरण: घरं मोजण्याआधी प्रमाण वाचा

नववी-दहावीची मुलं आलेख घेऊन माझ्यासमोर बसली की मी आधी पेन्सिल खाली ठेवायला सांगते. रेषा नुसती बघा. डावीकडून उजवीकडे जाताना ती चढते की उतरते? चढत असेल तर चढ धन, उतरत असेल तर ऋण. एवढं समासात लिहून ठेवा. पुढे वजाबाकीत चिन्ह उलटं आलं तर तिथल्या तिथे लक्षात येतं.

आता रेषेवरचे दोन बिंदू निवडायचे. रेषा जिथे घराच्या अगदी कोपऱ्यातून जाते तेच घ्या, अंदाजाने वाचावे लागणारे नकोत. आणि दोन्ही एकमेकांपासून लांब असू द्या. जवळच्या बिंदूंमध्ये वाचनातली अर्ध्या मिलिमीटरची चूकही चढ बिघडवते.

समजा, रेषा य-अक्षाला (०, ५) मध्ये छेदते आणि (६, १) मधून जाते. य मधला फरक १ − ५ = −४, क्ष मधला ६ − ० = ६. चढ म्हणजे य मधला फरक भागिले क्ष मधला फरक: −४/६, म्हणजे −२/३. ज्या बिंदूपासून वर सुरुवात केली, खालीही त्याच्यापासूनच करायची. समीकरणाचा साचा य = चढ × क्ष + स्थिर आकडा असा; रेषा य-अक्षाला छेदते तिथला ५ हा स्थिर आकडा. म्हणून य = −(२/३)क्ष + ५. दोन्ही बाजूंना ३ ने गुणून मांडलं की २क्ष + ३य = १५.

इथवर बहुतेकांना जमतं. पण दोन्ही अक्षांवरचं प्रमाण वेगळं असलं की नुसती घरं मोजणारे फसतात. यासाठी मी मुद्दाम तापमानाचा आलेख देते: आडव्या अक्षावर सेल्सिअस, १ सेमी = १० अंश; उभ्यावर फॅरेनहाइट, १ सेमी = २० अंश. आडवे आकडे २० पासून सुरू, उभे ६० पासून. रेषा (२०, ६८) आणि (५०, १२२) मधून जाते.

कागदावर बघितलं तर रेषा ३ सेमी पुढे जाताना २.७ सेमी वर चढते. २.७ भागिले ३, म्हणजे ०.९. हे उत्तर चूक आहे. चढ अंशांमधून काढायचा, सेंटिमीटरमधून नाही: (१२२ − ६८) / (५० − २०) = ५४/३० = १.८. बरोबर दुप्पट, कारण उभ्या अक्षाचं प्रमाण आडव्याच्या दुप्पट आहे. म्हणूनच कोपऱ्यातली प्रमाणाची ओळ मी मोठ्याने वाचायला लावते.

दुसरा सापळा डाव्या कडेला. तिथे रेषा ६८ वर दिसते, म्हणून मुलं स्थिर आकडा ६८ लिहितात. पण ती कडा य-अक्ष नव्हेच, तिथे क्ष २० आहे! खरा अक्ष कागदाबाहेर राहिला. अशा वेळी एक बिंदू समीकरणात घाला: ६८ = १.८ × २० + स्थिर आकडा. ६८ मधून ३६ गेले, राहिले ३२. समीकरण: य = १.८क्ष + ३२.

पडताळा नेहमी तिसऱ्या बिंदूने घ्या. काढताना वापरलेले दोन बिंदू पुन्हा घातले तर अर्धवट तपासणी होते, कारण एखादा बिंदू मुळातच चुकीचा वाचला असेल तर तो तसाच निसटतो. इथे ३७ घालून बघा: ६६.६ + ३२ = ९८.६. तापाच्या थर्मामीटरवरचा ओळखीचा आकडा समीकरणातून बाहेर पडला की मुलांचे चेहरे खुलतात, आणि त्या क्षणासाठीच मी हा आलेख दरवर्षी काढते.

आडव्या-उभ्या रेषांना ही आकडेमोड लागत नाही. आडव्या रेषेवर य बदलतच नाही, चढ शून्य; ती ३ वर असेल तर य = ३. उभ्या रेषेवर क्ष तोच राहतो, म्हणून क्ष = −२ असं लिहायचं. तिचा चढ काढायला गेलात तर छेदात शून्य येतो, आणि शून्याने भागता येत नाही. त्यामुळे उभ्या रेषेचा चढ ‘शून्य’ लिहू नका. तो ठरवताच येत नाही.