आयर्लंडची डे टूर घेताय? या चुका टाळा

डब्लिनला आलेल्या बहुतेकांच्या यादीत क्लिफ्स ऑफ मोहर सगळ्यात वर असतात. हे कडे देशाच्या पार पश्चिम टोकाला, काउंटी क्लेअरमध्ये, डब्लिनपासून सुमारे २७० किलोमीटरवर आहेत. सकाळी सातच्या आसपास निघालेली बस संध्याकाळी सात-आठला परत येते आणि त्यातले सहा-सात तास सीटवरच जातात. जाहिरातीत मात्र मोहर, बरेनचा चुनखडीचा प्रदेश, डूलिन गाव, गॉलवे शहर आणि वर एखादा किल्ला, सगळं एका ओळीत मांडलेलं असतं. ठिकाणं मोजून टूर घेतली की दिवस बसमध्ये चढण्या-उतरण्यातच संपतो. कुठे किती वेळ पायी फिरायला मिळणार, ते आधी विचारा. मोहरला दीड तासही देत नसतील तर ती टूर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कड्यांचा सगळ्यात उंच, २१४ मीटरचा भाग ओब्रायन्स टॉवरजवळ आहे. पार्किंगपासून तिथवर चढायचं, बघायचं, वाऱ्यात सावरत परत यायचं, यात तास सहज जातो.

लहान मुलं किंवा वयस्कर आई-बाबा सोबत असतील तर ग्लेंडालॉख जास्त सोयीचं. विकलोच्या डोंगरातलं हे ठिकाण डब्लिनपासून तासा-सव्वातासावर आहे. सहाव्या शतकात सेंट केविनने इथे मठ स्थापला. सुमारे ३० मीटर उंच गोल मनोरा आजही उभा आहे. पण बरेच जण मनोऱ्याजवळ फोटो काढतात आणि तिथूनच मागे फिरतात. दोनएक किलोमीटरच्या सपाट वाटेने पुढे गेलं की वरचं तळं लागतं, आणि खरा देखावा तिथे आहे. गाइडने दिलेला वेळ आधी तिकडे वापरा.

भारतीय पासपोर्टवाल्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जायंट्स कॉजवेची टूर डोळे झाकून बुक करणं. बेसॉल्टच्या सुमारे ४०,००० खांबांची ती जागा उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये आहे. वाटेत ना नाका लागतो ना चौकी, म्हणून व्हिसा लागत नाही असा समज होतो. तो चुकीचा आहे. एकाच पर्यटक व्हिसावर दोन्हीकडे फिरायचं तर त्यावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम) हा शेरा असावा लागतो. आयर्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला असलेल्यांचं तिथलं रहिवासी कार्ड सीमेपलीकडे चालत नाही, त्यांना वेगळा ब्रिटिश व्हिसा काढावा लागतो. युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा शेंगेन व्हिसा तर आयर्लंडमध्येच चालत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये पौंड चालतात, हेही लक्षात असू द्या.

छत्री नेऊ नका. अटलांटिकचा वारा ती पहिल्याच झोतात उलटी करतो. टोपीचं वॉटरप्रूफ जाकीट, आत एक-दोन थर आणि पकड असलेले बूट एवढं पुरतं. मोहरला धुकं असलं तर लगेच हिरमुसू नका. वारा फिरला की ते दहा-पंधरा मिनिटांत हटूही शकतं, तोवर व्हिजिटर सेंटरमधलं प्रदर्शन बघा. फोटोसाठी दगडी लाद्यांच्या कठड्यापलीकडे मात्र पाऊल टाकू नका. कड्याची कड ठिसूळ आहे आणि इथे माणसं दगावली आहेत. पफिन पक्षी बघायचे असतील तर एप्रिल ते जुलैचा मध्य हा काळ धरा, ऑगस्टमध्ये ते समुद्रावर निघून गेलेले असतात.

बरेनमधले रस्ते अरुंद आणि वळणांचे आहेत. बस लागत असेल तर गोळी आधीच घ्या आणि पुढची सीट पकडा. बरेचदा ड्रायव्हरच माइकवर माहिती देत असतो, त्यामुळे चालत्या गाडीत उठून त्याला प्रश्न विचारू नका.

जेवणाचा थांबा बहुधा पबमध्ये असतो. शाकाहारी असाल तर व्हेजिटेबल सूपमध्ये चिकन स्टॉक आहे का, हे विचारूनच घ्या. चीज टोस्टी बहुतेक ठिकाणी मिळते. तरीही पिशवीत थेपले-चिवडा असावाच.

बस ठरलेल्या वेळी सुटते, थांबत नाही. उतरताना बसचा नंबर आणि पार्किंगचा फोटो काढा, टूरवाल्यांचा फोन नंबर सेव्ह करा. मोहरला बस चुकलीच तर आधी त्यांना फोन लावा. ते परत येऊ शकत नसतील तर बस एरन या सरकारी कंपनीची ३५० नंबरची बस कड्यांजवळून गॉलवेला जाते. तिच्या फेऱ्या मोजक्याच असतात, म्हणून वेळापत्रक सकाळीच बघून ठेवा. गॉलवेहून डब्लिनला ट्रेन आणि कोच दोन्ही मिळतात.