सीनियर लिव्हिंगमध्ये यायचंय? आधी एक रात्रपाळी बघा

नर्सिंग, समाजकार्य, हॉटेल व्यवस्थापन किंवा एमबीए करून सीनियर लिव्हिंगमध्ये, म्हणजे वृद्धांच्या निवासाच्या आणि देखभालीच्या क्षेत्रात, येऊ पाहणारी मुलं-मुली भेटतात, तेव्हा बहुतेकांच्या तोंडी एकच हिशेब असतो: म्हाताऱ्यांची संख्या वाढतेय, म्हणजे या कामाला मरण नाही. आकडे त्यांच्याच बाजूचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेले लोक २०२० मध्ये १०० कोटी होते, २०३० मध्ये ते १४० कोटी आणि २०५० मध्ये २१० कोटी होतील. ऐंशीच्या पुढचे तर २०५० पर्यंत ४२ कोटी ६० लाखांवर जातील. तरीही अर्ध्या रिकाम्या इमारती मी पाहिल्या आहेत, आणि त्याच काळात ज्यांच्याकडे नाव नोंदवून थांबावं लागतं अशा जागाही. म्हातारा होणारा प्रत्येक माणूस आपलं गिऱ्हाईक नसतो, एवढं पहिल्या दिवशी कळलं तरी पुष्कळ.

साठीतला धडधाकट माणूस आपलं घर सोडत नाही. का सोडावं त्याने? तो येतो तो जोडीदार गेल्यावर, न्हाणीघरात पडून खुबा मोडल्यावर, किंवा गॅस सुरू ठेवून दोनदा झोपी गेल्यावर. अमेरिकेतल्या असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या निवासांत, सुमारे निम्मे रहिवासी पंच्याऐंशी किंवा त्याहून जास्त वयाचे आहेत. माहितीपत्रकावर मात्र अजूनही टेनिस खेळणारं, दात पांढरेशुभ्र असलेलं जोडपं असतं. ती प्रतिमा जुनी आहे. १ जानेवारी १९६० रोजी अ‍ॅरिझोनात सन सिटी सुरू झाली, तेव्हा डेल वेब हा बांधकाम व्यावसायिक निवृत्तांना गोल्फ आणि तरणतलाव विकत होता, आणि ते हातोहात खपलं. आज जो दारात येतो त्याला तलावापेक्षा तलावापर्यंत नेणारा माणूस हवा असतो. या धंद्याचं मूळ दुखणं मला तरी हेच वाटतं: विकली जाते ती खोली, आणि लागतात ते हात.

थर ओळखा

एकाच पाटीखाली चार-पाच वेगळे धंदे चालतात. इंडिपेंडंट लिव्हिंगमध्ये माणूस स्वतःचं सगळं करतो, त्याला जेवण, सफाई, सुरक्षा आणि सोबत हवी असते. असिस्टेड लिव्हिंगमध्ये अंघोळ, कपडे, औषधं यांत मदत लागते. मेमरी केअर स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी. नर्सिंग होममध्ये (म्हणजे छोटं रुग्णालय नव्हे, राहायची जागा) चोवीस तास परिचारिका. आणि हे सगळं एकाच आवारात देणारे, सुरुवातीला मोठी रक्कम घेऊन पुढची जबाबदारी उचलणारे काही प्रकल्प. नोकरी घेताना आपण नक्की कुठल्या थरात चाललोय हे विचारा, कारण पदाचं नाव सगळीकडे तेच असतं आणि काम अजिबात तेच नसतं.

असिस्टेड लिव्हिंगचा जन्म जाणून घेण्यासारखा आहे. केरन ब्राउन विल्सन यांच्या आईला कमी वयात पक्षाघात झाला आणि तिची वर्षं नर्सिंग होममध्ये गेली. तिला हवं होतं ते साधं होतं: स्वतःची छोटी खोली, लहानसं स्वयंपाकघर आणि स्वतःला लावून घेता येईल असं दार. १९८३ मध्ये विल्सन यांनी ओरेगॉन राज्यात पोर्टलंडला तशी जागा उभी केली. सुरक्षितता महत्त्वाची की स्वतःच्या मर्जीने जगणं, हा वाद तेव्हापासून सुटलेला नाही, आणि तो आठवड्यातून एकदा तरी तुमच्या टेबलावर येणारच. मधुमेही माणसाला गोड हवं असतं. डोलत चालणाऱ्याला काठी नको असते. मुलगी म्हणते देऊ नका, बाबा म्हणतात पैसे माझे आहेत.

कामाची भाषा दोन यादींतून शिका. सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेली दैनंदिन क्रियांची यादी: अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा, जेवणं. आणि लॉटन-ब्रॉडी यांची १९६९ ची: फोन, खरेदी, स्वयंपाक, पैसे, प्रवास, औषधं वगैरे. माणूस आधी दुसऱ्या यादीतलं हरवतो, मग पहिल्यातलं. वीजबिल दोनदा भरलं जातंय हे लक्षात येतं तेव्हा अंघोळ अजून नीट चाललेली असते. दाखल करतानाचं मूल्यमापन, केअर प्लॅन (कुणाला कोणती मदत द्यायची याचा आराखडा), महिन्याचं बिल आणि पाळीवर किती माणसं लागतील, सगळं या दोन यादींवर उभं असतं. एमबीए झालेल्यांना मी आधी या याद्या वाचायला देतो. त्यांचा चेहरा थोडा उतरतो, पण असो.

सुरुवात मजल्यावरून

कुठल्याही पदावर या, पहिले काही आठवडे मजल्यावर, म्हणजे रहिवासी राहतात तिथे, काढू द्या असं स्वतःहून सांगा. मी पाहुणचाराच्या धंद्यातून इकडे आलो. पाहुणा दोन रात्रींनी जातो, इथला रहिवासी राहतो, आणि दर महिन्याला त्याची गरज थोडी वाढलेली असते. ते वाढणं कार्यालयात बसून दिसत नाही.

सकाळी सहा ते नऊ बघा. सगळ्यांना एकाच वेळी उठायचं असतं, सगळ्यांना शौचाला जायचं असतं, आणि पाळी बदलून नवी माणसं नुकतीच आलेली असतात. कॉल बेल वाजल्यापासून दारात कुणी पोहोचेपर्यंत किती मिनिटं लागतात, हे एक सकाळ मोजून पाहिलंत तर त्या जागेबद्दल संचालकांच्या सादरीकरणापेक्षा जास्त कळेल. मग संध्याकाळ. सूर्य कलला की स्मृतिभ्रंश झालेल्या काहींची तगमग सुरू होते: घरी जायचंय, मुलं शाळेतून आली असतील. त्या वेळी वाद घालून सत्य पटवणारा मदतनीस आणि ‘मुलांना काय आवडतं खायला?’ असं विचारत सोबत चार पावलं चालणारा मदतनीस, यांतला फरक कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवून येत नाही. बघून येतो.

आणि रात्र. पडण्याच्या घटनांची नोंदवही मागून घ्या आणि फक्त वेळ व जागा या दोन रकान्यांवरून बोट फिरवा. पहाटे दोन ते पाच, पलंग ते शौचालय. मग कारण शोधायला लागा. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जातेय का? डॉक्टरांना विचारून ती सकाळी हलवता येते का? पलंग उंच आहे का, रात्रीचा दिवा वाटेवर पडतो की भिंतीवर, चपला सैल आहेत का, चश्मा हाताला येईल असा ठेवलाय का? झोपेची गोळी कुणी आणि कधी सुरू केली? जगात दरवर्षी पडून सुमारे ६ लाख ८४ हजार लोक दगावतात, आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण साठीच्या पुढच्यांचं आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी पडण्याच्या नोंदी तपासणीसाठी फाइलला लावल्या जातात, वाचत कुणी नाही. नवख्याने त्या वाचून दोन ओळींचं निरीक्षण पुढे ठेवलं तर वरिष्ठांना तो लक्षात राहतो. करिअरचा सल्ला हवा असेल तर हा घ्या.

पाळीबदलाचा हँडओव्हर, म्हणजे जाणाऱ्याने येणाऱ्याला दिलेली माहिती, मन लावून ऐका. ‘तीन नंबर ठीक’ एवढंच सांगितलं जातं की ‘आज त्यांनी चहा अर्धा ठेवला, एरवी ठेवत नाहीत’ असं? वृद्धांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा न्यूमोनिया कधीकधी तापाशिवायच येतो. अचानक गोंधळणं, खाणं सोडणं एवढंच लक्षण असतं. ते ओळखतो तो डॉक्टर नव्हे, रोज तोच चेहरा पाहणारा मदतनीस.

तो मदतनीस टिकतो का

या उद्योगाचं सर्वांत मोठं आव्हान कोणतं म्हणाल तर हेच. अमेरिकेतल्या नर्सिंग होमच्या २०१७-१८ च्या वेतन-नोंदींच्या अभ्यासात नर्सिंग कर्मचाऱ्यांची सरासरी वार्षिक गळती शंभर टक्क्यांहून जास्त निघाली. म्हणजे वर्षभरात जितक्या जागा, त्याहून जास्त माणसं सोडून गेली. पगार कमी, पाठ दुखते, रहिवाशाचे नातेवाईक चिडलेले असतात, आणि त्याच पगारात दुकानात उभं राहिलं तर कुणाचे डायपर बदलावे लागत नाहीत.

पगार वाढवल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही, हे आधी मान्य करू. पण तेवढ्यानेही सुटत नाही. पाळ्यांचं वेळापत्रक आठवडा आधी हातात देणं आणि ते न बदलणं. एका मदतनीसाला शक्यतो तेच रहिवासी देणं. रहिवाशाला उचलण्यासाठी हॉइस्ट, म्हणजे उचलयंत्र, असणं आणि तो कपाटाआड नसणं. मदतनीस ते पर्यवेक्षक असा खरा जिना असणं. ज्या जागांनी हे केलं तिथे माणसं राहिलेली मी पाहिली आहेत. २००३ मध्ये मिसिसिपीतल्या टुपेलोला सुरू झालेली ग्रीन हाउस घरं हाच विचार पुढे नेतात: दहा-बारा जणांचं घर, मधोमध स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकापासून अंघोळीपर्यंत सगळं पाहणारा तोच कर्मचारी, निर्णयाच्या थोड्या अधिकारासकट. सगळीकडे ते परवडत नाही. पण मोठ्या इमारतीतही मजल्याची छोटी ‘घरं’ करता येतात.

पैसा

वित्त विभागाकडे जाणाऱ्यांनी सदर्न क्रॉसची कथा वाचावी. ही ब्रिटनमधली केअर होम, म्हणजे वृद्धांची निवासगृहं, चालवणारी सर्वांत मोठी कंपनी होती, सुमारे साडेसातशे घरं आणि ३१ हजार रहिवासी. इमारतींची मालकी इतरांकडे आणि त्यांचं भाडं दरवर्षी वाढतं, अशी रचना होती. सरकारी पैशांवरचे रहिवासी कमी झाले, भाडं मात्र थांबलं नाही. २०११ मध्ये कंपनी कोसळली आणि घरं दुसऱ्या चालकांकडे गेली. रिकाम्या खोलीचाही खर्च चालूच असतो, त्यामुळे भरलेल्या खोल्यांचे काही टक्के इकडचे तिकडे झाले की नफा नाहीसा होतो. याच दडपणापोटी विक्रीवाला ज्याची काळजी ही जागा घेऊ शकत नाही अशालाही दाखल करू पाहतो. मूल्यमापन करणारी परिचारिका विक्री विभागाच्या हाताखाली असेल तर त्या जागेपासून जपून राहा.

दुसरी अडचण मधल्या माणसाची. श्रीमंत आलिशान प्रकल्पात जातो, गरिबाला काही देशांत सरकार सांभाळतं, मध्यमवर्गीय दोन्हीकडून बाहेर. अमेरिकेबद्दलच्या २०१९ च्या अभ्यासात २०२९ मध्ये पंचाहत्तरीपुढचे १ कोटी ४४ लाख मध्यम उत्पन्नाचे लोक असतील आणि त्यांतल्या ५४ टक्क्यांना असं निवासस्थान परवडणार नाही, असा अंदाज होता. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये सक्तीचा काळजी विमा, म्हणजे अशा देखभालीचा खर्च उचलणारा विमा, आणला. जपानमध्ये चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. जिथे असा विमा नाही तिथे मध्यमवर्गाला परवडणारी रचना ज्याला जमेल त्याच्याकडे गिऱ्हाईक चालत येईल. माझ्या मते खरी संधी इथेच आहे, आलिशान दिवाणखान्यांत नाही. दोघांनी खोली वाटून घेणं, जेवणाचं स्वयंपाकघर शेजारपाजारच्या वृद्धांसाठीही चालवणं, दिवसापुरतं सांभाळणारं केंद्र, घरच्यांना विश्रांती म्हणून दोन आठवड्यांचा मुक्काम. या अल्पमुक्कामाला कमी लेखू नका. कायमचं यायला ‘नाही’ म्हणणारे बरेचजण तिथूनच येतात.

तंत्रज्ञानाबद्दल थोडक्यात. सेन्सर, मनगटी पट्टे, जपानमधलं पारो नावाचं सीलच्या पिल्लासारखं सोबतीचं यंत्र, सगळं आपापल्या जागी उपयोगी. पण दर दहा मिनिटांनी वाजणारा अलार्म तिसऱ्या दिवशी कुणी ऐकत नाही. यंत्र विकायला आलेल्याला विचारा, अलार्म वाजल्यावर धावणार कोण, आणि तो माणूस रात्री तीनला पाळीवर आहे का?

वास्तुरचनाकारांना, फिजिओथेरपिस्टना, आहारतज्ज्ञांना, कार्यक्रम आखणाऱ्यांना इथे भरपूर काम आहे. नेदरलँड्समधल्या वेस्प इथलं होखवेक पाहा: २००९ पासून स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी अख्खं गाव, रस्ते, चौक, दुकान, आणि दुकानातला माणूसही प्रशिक्षित. जगात स्मृतिभ्रंशाचे साडेपाच कोटींहून जास्त रुग्ण आहेत आणि दरवर्षी जवळपास एक कोटींची भर पडते. या विषयात खरंखुरं प्रशिक्षण घेतलेली माणसं मात्र कमीच, त्यामुळे एखादा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आताच करून ठेवा.

एक गोष्ट मुलाखतीत कुणी सांगत नाही. माणसं जातात. ज्यांच्या नातवंडांची नावं तुम्हाला पाठ झालेली असतात, ती जातात, आणि काही दिवसांत त्या खोलीत नवं नाव लागतं. चांगल्या जागी त्यासाठी ठरलेली पद्धत असते: कर्मचाऱ्यांना कळवणं, शेजारच्या रहिवाशांपासून न लपवणं, ज्याने शेवटपर्यंत केलं त्याला निरोप द्यायला वेळ देणं. जिथे मागच्या दारातून गुपचूप नेतात तिथले कर्मचारी लवकर कोरडे होतात किंवा सोडून जातात.

मुलाखतीला जाल तेव्हा विचारायचे प्रश्न सोबत न्या. रात्री एका मदतनीसामागे किती रहिवासी? गेल्या वर्षी किती जणांनी काम सोडलं? दाखल करायला नकार देण्याचा अधिकार कुणाकडे? मागच्या तिमाहीतल्या पडण्याच्या नोंदी बघू शकतो का? आणि रुजू होण्याआधी एक रात्रपाळी नुसती बसून बघू द्याल का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसून ‘आजच या’ म्हणाला तर पगार थोडा कमी असला तरी विचार करा. ‘तसा नियम नाही’ म्हणाला, तर दुसरीकडेही अर्ज टाकून ठेवा.