सूत्रकृमीरोधक टोमॅटो: एमआय जनुकाचा फायदा कसा घ्यावा

सूत्रकृमी म्हणजे मुळांवर गाठी आणणारे मातीतले सूक्ष्म कृमी. पाकिटावर ‘एमए, एमआय, एमजे’ (त्यांच्या तीन जातींची आद्याक्षरं) अशी खूण असलेलं संकरित बियाणं घ्या. दक्षिण अमेरिकेतल्या रानटी टोमॅटोतून आलेलं, त्यांना रोखणारं एमआय जनुक प्रभावी आहे, एकाच पालकाकडून मिळालं तरी पुरतं. पण अशा संकराचं बी घरी धरू नका. पुढच्या पिढीत साधारण चारातलं एक झाड जनुकाविना निघतं.

खरी गोम तापमानात. माती 28 अंशांवर गेली की प्रतिकार ढिला पडतो. दुपारी 10-15 सेंमी खोल थर्मामीटर खुपसून बघा. उन्हाळी लागवडीला पाचटाचं आच्छादन हवंच.

45 दिवसांनी दोन-चार झाडं खुरप्याने उकरा (उपटली तर गाठाळ मुळं मातीतच राहतात) आणि बादलीत धुवा. गार मातीतही गाठी दिसल्या, तर सूत्रकृमी जनुकाला जुमानत नसावी. पुढे झेंडू लावा. वांगं, भेंडी नको.