बागेची पाण्याची लाइन: टाकताना आणि पाणी गोठण्याआधी

पाइप आणायला निघण्यापूर्वी एक बादली आणि घड्याळ घेऊन नळाशी जा. बागेला जिथून पाणी घेणार तो नळ पूर्ण सोडा आणि १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. ३० सेकंद लागले तर तासाला १८०० लिटर पाणी मिळतंय. तासाला ४ लिटर देणारे १०० ड्रीपर (थेंब थेंब पाणी देणाऱ्या छोट्या तोट्या) लावले तरी ४०० लिटरच लागतील, म्हणजे चिंता नाही. तुषार (पाणी फवारणारे स्प्रिंकलर) लावणार असाल तर मात्र एका वेळी किती चालतील ते या आकड्यावरून ठरवा. पाणी टाकीवरून उताराने येत असेल तर उंचीही मोजा, कारण १० मीटर उंचीमागे दाब मिळतो तो जेमतेम १ बार.

मग कागदावर लाइन आखा. जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो तिथे थंडीची तयारी पाइप टाकायच्या दिवशीच करायची असते. लोक ती गारठा पडल्यावर गोणपाट गुंडाळून करू बघतात, आणि तिथेच फसतात. म्हणून चर खणताना उतार ठेवा: दर मीटरला १ सेंटिमीटर पुरे, पण तो सलग हवा. मध्ये कुठे पाइपला झोल पडला तर तेवढ्या जागी पाणी साचून राहणारच. सगळ्यात खालच्या टोकाला एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि पाणी काढायचा कॉक बसवा. जमीन सपाट असेल तर लाइनीचे दोन भाग करून दोन कॉक लावा. कॉकखाली छोटा खड्डा करून त्यात खडी भरा, म्हणजे सोडलेलं पाणी तिथेच मुरेल.

सामानात काटकसर करायची तर पाइपाच्या लांबीत करा, कॉकमध्ये नको. मुख्य लाइनीच्या सुरुवातीला बॉल व्हॉल्व्ह (आतला भोकाचा गोळा फिरवून पाणी चालू-बंद करणारा), त्यानंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मग फिल्टर, आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे पाइप न कापता सोडता येणारे जोड. बागेतलं खतमातीचं पाणी घरच्या पिण्याच्या लाइनीत उलटं येऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. तो टाळू नका. उघड्यावर काळा पॉलिथिनचा पाइप घ्या, पांढरा पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतो. टेफ्लॉन टेप बाहेरच्या आट्यांवर, फिटिंग ज्या दिशेने आवळायचं त्याच दिशेने गुंडाळा. पीव्हीसीचा जोड सोल्युशन लावून बसवला की लगेच पाणी सोडू नका. डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, थंड हवेत तो आणखी वाढतो. ड्रीपर बसवायच्या आधी लॅटरलची, म्हणजे ड्रीपर ज्यांवर बसतात त्या बारीक नळ्यांची, टोकं उघडी ठेवून लाइन धुवा. छिद्रं पाडताना पडलेले प्लास्टिकचे कण पहिल्या धारेतच बाहेर येतात. चर बुजवायच्या आधी लाइन दाबाखाली ठेवून प्रत्येक जोडावर हात फिरवा.

आता गारठ्याआधीचं. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. पण पाइप बर्फ असतो तिथेच फुटतो असं नाही. बर्फाचा खडा आणि बंद नळ यांच्यामध्ये उरलेलं पाणी कोंडतं आणि तिथे दाब वाढत जातो. म्हणूनच मुख्य व्हॉल्व्ह घरातून बंद केल्यावर बाहेरचे सगळे नळ आणि कॉक उघडेच ठेवायचे. पाणी आपोआप सोडणारा टायमर असेल तर त्याच्यावरून एकेक भाग हाताने चालू करून आतला दाब सोडा, मग बॅटरी काढा आणि तो घरात ठेवा. फिल्टर उघडून जाळी काढा, वाटी रिकामी करा. युनियन सोडताना खाली भांडं धरा, आत अजून पाणी असतं. पंप असेल तर त्याच्या तळाचा बूच काढा.

बॉल व्हॉल्व्हची एक खोड आहे. तो पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवला तर पोकळ गोळ्याभोवती आणि आत पाणी अडकतं, आणि रात्रीतून व्हॉल्व्हचं अंग चिरतं. लाइन रिकामी झाल्यावर त्याचा दांडा अर्ध्यावर, ४५ अंशांत आणून ठेवा. नळाला लावलेली नळी तर काढाच. न गोठणारा म्हणून घेतलेला नळसुद्धा नळी तशीच राहिली तर रिकामा होत नाही आणि भिंतीच्या आत फुटतो. नळीचं एक टोक खांद्यावर घेऊन पुढे चालत जा, म्हणजे पाणी मागच्या टोकाने निघून जातं.

जिथे उतार मिळाला नाही तिथे कॉम्प्रेसरने हवा मारावी लागते. पॉलिथिनला सुमारे ३.५ बारच्या वर दाब नेऊ नका, आणि नळ उघडा नसताना हवा सोडूच नका. डोळ्यांवर चष्मा हवा, पाइपावर वाकून उभं राहायचं नाही. हवा पंपातून किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून न घालता त्यांच्या पुढे जोडा. ठिबकला हवेची गरज सहसा पडत नाही. एंड कॅप (लॅटरलच्या टोकाची झाकणं) काढल्या, लॅटरल उचलून झटकल्या की झालं.

गोणपाट, फोम वगैरे गुंडाळणं वाईट नाही, पण ते फक्त गोठणं लांबवतं. त्यात ऊब तयार होत नाही, त्यामुळे आत उभं राहिलेलं पाणी लांबच्या थंडीत गोठतंच. गाडीतला अँटिफ्रीझ बागेच्या लाइनीत घालू नका, तो विषारी असतो.

थंडी सरल्यावर आधी खालचे कॉक बंद करा, दूरचे नळ उघडे ठेवा आणि मुख्य व्हॉल्व्ह अगदी हळू सोडा. नळांतून हवा फुसफुसत निघते. धार सलग झाली की एकेक नळ बंद करा. एंड कॅप सर्वात शेवटी, पाणी स्वच्छ आल्यावर लावा.