जहाजाच्या यादीत न सापडणारी माणसे

अमेरिकेतील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घराण्यांची वंशावळ शोधण्याच्या कामात नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न जहाजाचा विचारतो. मीही तोच विचारला होता. पुण्यात असताना मोडी कागद वाचण्याचा थोडाफार सराव केला होता. त्या शिदोरीवर पेनसिल्व्हेनियात आल्यानंतर मी एका वंशावळ-संशोधक बाईंच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली. माझ्याकडे सोपवलेले पहिले काम एका निवृत्त गृहस्थांचे होते. आपला मूळ पुरुष १६८२ साली पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याच्याबरोबर ‘वेलकम’ जहाजातून आला, असे त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते आणि मी त्या जहाजाच्या प्रवासी यादीतले त्याचे नाव तेवढे काढून द्यावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

‘वेलकम’ची प्रवासी यादी मुळात शिल्लकच नाही. ते जहाज ऑगस्टअखेर इंग्लंडच्या डील बंदरातून निघाले, वाटेत देवीच्या साथीने सुमारे शंभर प्रवाशांपैकी तीसच्या आसपास माणसे दगावली आणि ऑक्टोबरच्या शेवटी ते डेलावेअर नदीवरील न्यू कॅसलला लागले. आज त्याच्या प्रवाशांची म्हणून जी नावे छापलेली दिसतात, ती जहाजावर मरणाऱ्यांनी केलेली मृत्युपत्रे, त्यांवरच्या साक्षीदारांच्या सह्या आणि लंडन बंदराच्या जकात-वह्या अशा तुकड्यांवरून नंतरच्या अभ्यासकांनी जुळवलेली आहेत. जकात-वहीत नाव येते ते माल चढवणाऱ्याचे. रिकाम्या हाताने निघालेला नोकर किंवा बायका-मुले तिथे दिसत नाहीत. ‘वेलकम’वरून आल्याचे दावे इतके वाढले होते की १९७० साली जॉर्ज मॅक्रॅकन यांनी ते एकेक करून तपासले आणि सिद्ध, खोडलेले व संशयास्पद अशी त्यांची वर्गवारी एका जाडजूड ग्रंथात मांडली. १६८२ सालीच लिव्हरपूलहून निघालेले ‘सबमिशन’ हे जहाज मात्र भाग्यवान; त्याची रोजनिशी टिकली. त्यावरचा एक प्रवासी फिनिअस पेंबर्टन पुढे पेनसिल्व्हेनियातील बक्स परगण्यात दप्तराचे काम पाहू लागला आणि त्याने तिथे आलेल्या कुटुंबांची एक नोंदवही ठेवली. ती अपुरी असली तरी कामाची आहे. असे अपवाद सोडले तर जहाजापासून सुरुवात करणे म्हणजे वाळूतून तेल काढण्यासारखे आहे, हे मला दोन महिने वाया घालवल्यावर कळले.

सुरुवात करावी ती मासिक सभेपासून. क्वेकरांमध्ये पुरोहित नव्हता, बाप्तिस्मा नव्हता आणि सुरुवातीच्या काळात थडग्यावर नाव कोरणेही त्यांना डामडौल वाटे. त्यामुळे चर्चची नोंदवही आणि दफनभूमी या दोन नेहमीच्या वाटा इथे फारशा उपयोगी पडत नाहीत. त्याऐवजी गावोगावच्या सभा दरमहा कामकाजासाठी भरत आणि त्याचे इतिवृत्त लिहून ठेवत. पुरुषांची सभा वेगळी आणि स्त्रियांची वेगळी असे, आणि नवखे लोक नेमकी स्त्रियांची वही उघडत नाहीत. लग्न ठरलेल्या मुलीची चौकशी तिथे होई, म्हणून तिचे माहेरचे नाव आणि आई-वडिलांची संमती बऱ्याचदा तिथेच सापडते. विवाहाच्या दाखल्यावर उपस्थित सगळे सही करत. वधूवरांच्या नावांखाली उजव्या बाजूच्या रकान्यात बहुधा जवळचे नातेवाईक असत. आपल्याकडे आहेराच्या यादीवरून सोयरीक ओळखणारी माणसे असतात, तसा तो रकाना वाचावा.

कुटुंब एका गावाहून दुसऱ्या गावी गेले की जुनी सभा त्याला स्थलांतराचा दाखला देई आणि नवी सभा तो वाचून नोंदवून घेई. समुद्र ओलांडणाऱ्यांनीही असे दाखले आणले, आणि इंग्लंडमधील मूळ गाव सांगणारा तोच सर्वांत भरवशाचा कागद असतो. क्वेकर नसलेल्याशी लग्न केले, तर सभा त्या व्यक्तीला सदस्यत्वातून काढून टाकत असे. याला आपण चटकन वाळीत टाकणे म्हणू, पण ते तितके कडक नव्हते. काढलेला माणूस उपासनेला येऊन बसू शकत असे. संशोधकाला मात्र अशी नोंद दिसली की पुढची पिढी दुसऱ्या पंथाच्या वह्यांत शोधावी लागते.

माझी सर्वांत मोठी चूक तारखांत झाली. क्वेकर महिन्यांची नावे वापरत नसत, कारण त्यांतली बरीच रोमन देवतांवरून आलेली. ते पहिला महिना, दुसरा महिना असे लिहीत. १७५२ च्या कॅलेंडर-बदलापूर्वी पहिला महिना म्हणजे मार्च, हे मला ठाऊक होते. एका बाईचा मृत्यू बाराव्या महिन्यात, १६९० साली झालेला होता. मी त्याचा फेब्रुवारी १६९० केला. तिच्या मुलाचा जन्म तिसऱ्या महिन्यात, म्हणजे मे १६९० मध्ये. आई मुलाच्या जन्माआधी तीन महिने वारली! मग मी त्या नवऱ्याला एक दुसरी बायको बहाल केली आणि तिचे माहेर शोधण्यात तीन आठवडे घालवले. वर्ष २५ मार्चला बदलत असे, म्हणून तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६९१ चा होता, हे मी विसरले होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौष उलटत असताना ७९ मिळवावे लागतात, हे पुण्यात हजार वेळा केलेल्या माणसाने ही चूक करावी, याची मला अजून लाज वाटते. तेव्हापासून मी मूळ तारीख जशीच्या तशी उतरवते आणि शेजारी १६९०/९१ असे जोडवर्ष लिहिते.

वेल्श क्वेकरांच्या बाबतीत आडनावाचा घोळ वेगळा. फिलाडेल्फियाजवळ मेरियन, हॅवरफर्ड आणि रॅडनर इथे वसलेल्या या लोकांत स्थिर आडनाव अनेकदा नसेच. ‘अॅप’ म्हणजे ‘चा मुलगा’ असे लावून वडिलांचे नाव पुढे जोडत. अॅप रीसचा प्राइस झाला, अॅप ह्यूचा प्यू आणि अॅप एव्हनचा बेव्हन. मधल्या जागी वडिलांचे नाव लिहिण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला हे लवकर उमगते. अमेरिकन सहकारी मात्र बाप आणि मुलगा वेगळ्या घराण्यांतले समजून चालत होते.

विल्यम वेड हिनशॉ हे ऑपेरा गायक. त्यांनी उत्तरायुष्यात काढलेला अमेरिकन क्वेकर वंशावळींचा सहा खंडांचा कोश हाताशी हवाच. त्यातील संक्षेपांचा तक्ता आधी पाठ करावा. पण पेनसिल्व्हेनियाच्या मोजक्याच सभा त्यात आहेत आणि तो गोषवारा आहे. मूळ पान पाहिल्याशिवाय काहीही सिद्ध म्हणू नये. मूळ वह्या मुख्यतः स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड या दोन महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आहेत. अँसेस्ट्री या वंशावळींच्या संकेतस्थळावर त्यांतील बऱ्याच वह्यांची छायाचित्रे मिळतात, त्यामुळे मुंबईत किंवा नाशकात बसूनही हे काम शिकता येते. १८२७ साली समाजात फूट पडली, त्यानंतर एकाच गावाच्या दोन सभा आणि दोन वह्या असतात, एवढे लक्षात ठेवावे.

त्या गृहस्थांच्या पूर्वजाचा स्थलांतराचा दाखला शेवटी सापडला, तो १६८४ चा. त्यात गावही होते, त्यामुळे लंडनमधील क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील इंग्लिश क्वेकर नोंदवह्यांत त्याचे आई-वडील आणि दोन भाऊ मिळाले. ‘वेलकम’ दोन वर्षे आधीच येऊन गेले होते. हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी विचारले, “मग कोणत्या जहाजाने आला?” अहवालात ती जागा मी मोकळी ठेवली आहे.