शुगरचं स्क्रीनिंग कोणाचं, कधी आणि कसं करायचं : मोठ्यांचं आणि वयात येणाऱ्या मुलांचंही

टाइप २ डायबेटिस बहुतेक वेळा चाहूल न लागू देता येतो. माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो, सगळं ठीक चाललेलं असतं, आणि आत मात्र शुगर कित्येक वर्षं वाढलेली राहते, मग एक दिवस डोळ्यांच्या डॉक्टरकडे चष्म्याचा नंबर काढायला गेल्यावर कळतं की पडद्यावर परिणाम झालाय. असं होऊ नये म्हणून काहीही त्रास नसताना रक्त तपासायचं, ह्याला स्क्रीनिंग म्हणायचं. मी ओपीडीत रोज हे काम करते आणि माझा अनुभव असा की टेस्ट करताना फारशी गडबड होत नाही, गडबड होते ती टेस्टच्या आधी आणि टेस्टच्या नंतर. म्हणून खाली त्यावर जास्त लिहिलंय. तुम्ही क्लिनिकमध्ये नवीन लागलेले डॉक्टर किंवा नर्स असाल तरी चालेल, स्वतःची किंवा मुलाची शुगर तपासायला निघाला असाल तरी चालेल, क्रम तोच.

सगळ्यात आधी : लक्षणं आहेत का ते विचारा

खूप तहान, सारखी लघवी, भूक असून वजन उतरतंय, असं काही असेल तर ते स्क्रीनिंग राहत नाही, तो पेशंट झाला आणि त्याची शुगर आजच तपासायची. मुलांच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगते, की अंथरूण ओलं करायचं बंद झालेलं मूल परत करायला लागलं, सारखं पाणी मागतंय, सुकत चाललंय, तर "सोमवारी उपाशीपोटी घेऊन या" असं कुणीही म्हणू नये. त्याच क्षणी बोटातून रक्त काढून ग्लुकोमीटरवर बघायचं. त्यात उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरात श्वास असेल तर थेट हॉस्पिटल, कारण टाइप १ मध्ये (ज्यात शरीर इन्सुलिनच बनवेनासं होतं) शरीरात कीटोन नावाची आम्लं साचून मूल काही तासांत गंभीर होऊ शकतं.

पायरी १ : कोणाचं करायचं ते ठरवा

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचं म्हणणं सोपं आहे, वय ३५ झालं की प्रत्येकाची तपासणी सुरू करा, वजन कितीही असो. अमेरिकेच्याच प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०२१ मध्ये ३५ ते ७० वयाच्या, वजन जास्त असलेल्या लोकांसाठी शिफारस केली. मला पहिलं जास्त पटतं, कारण बारीक दिसणाऱ्या माणसाला डायबेटिस नसेल असं धरून चालणं महागात पडतं.

३५ च्या आधी कोणाचं करायचं? बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ च्या वर असेल (मूळ आशियाई वंशाच्या लोकांत २३ च्या वर, कारण त्यांच्यात कमी वजनातच पोटाभोवती चरबी साठते) आणि सोबत पुढचं एक जरी असेल तर करा : आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांना डायबेटिस, बीपी, हार्टचा आजार, चांगलं कोलेस्टेरॉल ३५ पेक्षा कमी किंवा ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २५० पेक्षा जास्त, पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होणं), बैठं आयुष्य. आणि मान बघा. खरंच कॉलर बाजूला करून बघा. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी जाड काळसर त्वचा दिसली तर ती मळ नाही, घासून जाणार नाही, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. कितीतरी मुलींना ह्या मानेवरून घरी "नीट आंघोळ करत जा" असं ऐकावं लागलेलं असतं, त्यांना हे समजावून सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

औषधांची यादी विचारायला विसरू नका. स्टेरॉइड चालू असेल तर शुगर वाढते, आणि सकाळी गोळी घेणाऱ्यांची दुपारनंतर वाढते, त्यामुळे फक्त फास्टिंग करून "नॉर्मल" म्हणून सोडून दिलं तर फसगत होते. ओलान्झापिन, क्लोझापिनसारखी मानसिक आजारांवरची औषधं सुरू करायच्या आधी एकदा, मग १२ ते १६ आठवड्यांनी, मग दरवर्षी बघायचं.

जिला गरोदरपणात शुगर झाली होती तिची गोष्ट वेगळीच. बाळंतपणानंतर शुगर खाली येते, सगळे बाळात गुंततात आणि आईची तपासणी राहून जाते. तिची ७५ ग्रॅम ग्लुकोजची जीटीटी (ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर बघायची टेस्ट) बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत व्हायला हवी, आणि ती नॉर्मल आली तरी पुढे आयुष्यभर दर १ ते ३ वर्षांनी तपासणी. तेव्हा एचबीए१सीवर (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी टेस्ट) विसंबू नका, गरोदरपणात आणि बाळंतपणात रक्तात झालेल्या बदलांमुळे तो आकडा खोटा कमी येऊ शकतो.

कोणाचं आधी करायचं हे कळत नसेल तर फिनलंडमध्ये बनवलेली फिंडरिस्क नावाची ८ प्रश्नांची यादी आहे, वय, कंबर, हालचाल, घरातला डायबेटिस वगैरे, रक्त न काढता गुण मिळतात. वेटिंगमध्ये बसल्याबसल्या भरून होते.

पायरी २ : टेस्ट निवडा

तीन टेस्ट चालतात. फास्टिंग, म्हणजे कमीत कमी ८ तास पाण्याशिवाय काही नाही. एचबीए१सी, कधीही केली तरी चालते, मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देते. आणि जीटीटी, उपाशीपोटी एक सॅम्पल, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून ५ मिनिटांत प्यायचं आणि २ तासांनी दुसरं सॅम्पल. जीटीटी कंटाळवाणी आहे पण बाकी दोन्हीतून सुटलेले लोक ती पकडते. त्याच्या आधीचे तीन दिवस रोज निदान १५० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, डाएट करून आलेल्या माणसाची जीटीटी उगाच वर दाखवते. त्या दोन तासांत बसून राहायचं, चालायला जायचं नाही, सिगारेट नाही.

एचबीए१सी सोयीची आहे म्हणून हल्ली सगळे तीच लिहितात, पण ती लाल पेशींवर अवलंबून आहे, आणि पेशी साधारण १२० दिवस जगते हे गृहीत धरलेलं आहे. सिकल सेल, जी६पीडीची (लाल पेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता, नुकतंच रक्त चढवलेलं, डायलिसिस, ह्यात आकडा विश्वासाचा राहत नाही. लोह कमी असेल तर उलटं, तो उगाच वर जाऊ शकतो. माझ्याकडे एक बाई होत्या, पाळीला खूप रक्त जायचं, हिमोग्लोबिन एकदम कमी, एचबीए१सी साडेसहाच्या जरा वर, आणि मी रिपोर्ट बघून त्यांना डायबेटिस आहे असं सांगून मोकळी झाले. नंतर फास्टिंग आणि जीटीटी दोन्ही नॉर्मल, लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन भरून आलं तसा तो आकडाही सहाच्या खाली आला. मधले दोन आठवडे त्या बाईंनी किती घाबरून काढले ते मला नंतर कळलं. तेव्हापासून हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय मी ह्या टेस्टवर बोलत नाही.

ग्लुकोमीटर घरी शुगर सांभाळायला उत्तम, निदानाला नाही. स्ट्रिपवर जास्त आली तर लॅबमध्ये शिरेतलं रक्त पाठवा.

ताप, इन्फेक्शन, ऑपरेशन चालू असताना स्क्रीनिंग करू नका, शरीरावर ताण असला की शुगर वाढतेच. बरं वाटल्यावर परत बोलवा.

पायरी ३ : सॅम्पल सांभाळा

हा भाग कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. रक्त ट्यूबमध्ये काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात, साध्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के. म्हणजे खरी फास्टिंग १२८ असेल आणि ट्यूब दोन तास टेबलावर पडून राहिली तर रिपोर्ट ११५ च्या आसपास येईल, आणि तुम्ही डायबेटिस असलेल्या माणसाला "बॉर्डरलाइन आहे" म्हणून घरी पाठवाल. राखाडी झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबने हे थांबतं असं सगळ्यांना वाटतं, पण फ्लोराइडचा परिणाम पूर्ण व्हायला वेळ लागतो, पहिल्या एक-दोन तासांत घट होतच राहते. उपाय एवढाच, सॅम्पल बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि अर्ध्या तासात प्लाझ्मा (पेशी सोडून उरलेला पातळ भाग) वेगळा करा, किंवा सायट्रेट असलेल्या ट्यूब मिळत असतील तर त्या वापरा. लॅब लांब असेल आणि गाडी दुपारी येत असेल तर मी सरळ एचबीए१सी पाठवते, तिला हा त्रास नाही.

पायरी ४ : आकडा वाचा

शुगरचे आकडे मिलीग्रॅम प्रति डेसीलीटरमध्ये, एचबीए१सी टक्क्यांत. फास्टिंग १०० च्या खाली नॉर्मल, १०० ते १२५ प्री-डायबेटिस (नॉर्मल आणि डायबेटिसच्या मधली अवस्था), १२६ किंवा वर डायबेटिस. जीटीटीत दोन तासांची शुगर १४० च्या खाली नॉर्मल, १४० ते १९९ प्री-डायबेटिस, २०० पासून डायबेटिस. एचबीए१सी ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्री-डायबेटिस, ६.५ पासून डायबेटिस. एक गोंधळ आधीच सांगून ठेवते, जागतिक आरोग्य संघटना फास्टिंगचं प्री-डायबेटिस ११० पासून धरते, त्यामुळे १०४ च्या रिपोर्टवर दोन डॉक्टर दोन गोष्टी बोलले तर त्यातलं कुणी खोटं बोलत नसतं.

पायरी ५ : खात्री केल्याशिवाय शिक्का मारू नका

लक्षणं नसतील तर एका आकड्यावर डायबेटिस ठरत नाही, दोन हवेत. एकाच सॅम्पलमध्ये फास्टिंग आणि एचबीए१सी दोन्ही हद्दीच्या वर असतील तर झालं, खात्री झाली. एकच वर असेल तर जी वर आली तीच टेस्ट परत करा. समजा एचबीए१सी ६.७ आणि फास्टिंग ११८, तर एचबीए१सी परत, ती पुन्हा ६.५ च्या वर आली तर डायबेटिस आहे, फास्टिंग काहीही म्हणो. दुसऱ्यांदा हद्दीच्या जरा खाली आली तर विषय संपला असं नाही, ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा बघा. पुन्हा करायला उशीर लावू नका, काही दिवसांतच करा. अपवाद एकच, तहान-लघवीची ठळक लक्षणं आणि कुठल्याही वेळची शुगर २०० किंवा वर, तिथे दुसऱ्या टेस्टची वाट बघायची नाही.

पायरी ६ : वयात येणारी मुलं

टाइप २ आता मुलांतही दिसतो, आणि तो सुरू होतो वयात येताना, कारण त्या काळात हार्मोन्समुळे इन्सुलिनचा परिणाम तसाही कमी होतो. म्हणून वय १० किंवा वयात यायला सुरुवात, जे आधी होईल तेव्हापासून विचार करायचा. पण सगळ्या मुलांचा नाही. बीएमआय वयाच्या आणि लिंगाच्या तक्त्यावर ८५ व्या पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे शंभरातल्या ८५ मुलांपेक्षा जास्त), आणि सोबत एखादं कारण : आईला डायबेटिस किंवा हे मूल पोटात असताना शुगर, घरात जवळच्यांना (आजी-आजोबा धरून) टाइप २, मानेवर काळे पट्टे, बीपी, कोलेस्टेरॉल, पीसीओएस, जन्माचं वजन कमी. अशा मुलाची टेस्ट नॉर्मल आली तर ३ वर्षांनी परत, वजन वाढतच असेल तर आधी. आकडे मोठ्यांचेच, जीटीटीत ग्लुकोज मात्र वजनाप्रमाणे, किलोला १.७५ ग्रॅम, जास्तीत जास्त ७५. म्हणजे ३६ किलोच्या मुलाला ६३ ग्रॅम.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. लक्षणं नसलेल्या मुलांचं स्क्रीनिंग केल्याने पुढे नेमका किती फायदा होतो ह्याचा पुरेसा पुरावा नाही, असं त्याच अमेरिकन टास्क फोर्सने २०२२ मध्ये म्हटलं. म्हणून मी सरसकट शाळाच्या शाळा टोचत सुटायच्या विरोधात आहे, पण धोका समोर दिसत असताना गप्प बसायच्याही विरोधात आहे.

मुलाचा आकडा वर आला तर "जाड आहे म्हणजे टाइप २" असं ठरवू नका, जाड मुलालाही टाइप १ होऊ शकतो, टाइप १ मध्ये रक्तात सापडणाऱ्या अँटीबॉडी तपासून घ्या. आणि बोलताना मुलाशी बोला, त्याच्या डोक्यावरून आईशी नको. वजनावरून हिणवलेलं मूल परत ओपीडीत येत नाही. शक्यतो आकडा सगळ्या घरच्यांना एकत्र बसवून सांगा, बदल सगळ्या घराने करायचा असतो.

पायरी ७ : रिपोर्टनंतरचं काम

नॉर्मल असेल तर ३ वर्षांनी, प्री-डायबेटिस असेल तर दरवर्षी. प्री-डायबेटिसवाल्याला "जरा सांभाळा" म्हणून सोडणं हा माझ्या मते अन्याय आहे, कारण तिथेच सगळ्यात जास्त करता येतं. २००२ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रामच्या अभ्यासात वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा असं लक्ष्य दिलेल्या लोकांत डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन (शुगर कमी करणारं औषध) घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, असं सांगितलं की त्याला ते जमण्यासारखं वाटतं.

डायबेटिस पक्का झाला तर टाइप २ मध्ये त्याच वेळी डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडली की लघवीत जाणारं प्रोटीन), किडनीची रक्ततपासणी, पायांची संवेदना, बीपी आणि कोलेस्टेरॉल सगळं बघून घ्यायचं, मूल असलं तरी, कारण तो कधी सुरू झाला हे कुणालाच माहीत नसतं.

आणि एक वही ठेवा, कॉम्प्युटर असेल तर त्यात. ज्याचा रिपोर्ट वर आला त्याचं नाव, फोन, परत यायची तारीख. तारीख उलटली की फोन करा, उचलला नाही तर परत करा. माझ्याकडे हे काम एक सिस्टर करतात, दर शुक्रवारी दुपारी, आणि परत आलेल्यांतले कितीतरी लोक त्या फोनमुळेच आलेले असतात.